बारावं पाकीट

६ जानेवारी

प्रिय वहिनी,

नमस्कार. सोबतचं खोकं बघून दचकू नकोस. आत खाऊ नाही, औषध नाही आणि फुटण्यासारखंही काही नाही. बारा चपटी पाकिटं आहेत, आणि प्रत्येकात तळहाताएवढा पारदर्शक पापुद्रा. आम्ही त्याला फिल्म म्हणतो. गेली चार वर्षं मी काय करते असं तू दर पत्रात विचारतेस ना, ते हेच.

प्लास्टिकच्या अंगाला सहसा काही चिकटत नाही. आम्ही त्याच्या एका बाजूवर विजेचा हलका झोत सोडतो, मग एका रसायनात बुडवतो. त्यामुळे त्या बाजूवर फार बारीक असे गट तयार होतात, दुसऱ्या पदार्थाला पकडून ठेवणारे. आमच्या प्रमुख बाई त्यांना क्रियाशील गट म्हणतात. मी हात म्हणते. बाईंना ते आवडत नाही. या हातांत जखम भरून आणणारं एक प्रथिन धरून ठेवायचं आणि फिल्म जखमेवर ठेवायची, एवढंच आमचं काम. महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमांसाठी. कशा जखमा, ते तुला सांगायला नको. आईचा पाय तू पाहिलेला आहेस.

अडचण अशी की ताजी फिल्म घट्ट पकडते आणि महिन्याभरात तिची पकड जाते. आम्ही केशरी रंगात बुडवून, धुऊन बघतो. हात जागे असले तर रंग राहतो, नसले तर सगळा धुऊन जातो. ताजी फिल्म गडद केशरी होते. महिन्याची जुनी, पाण्यासारखी. दवाखान्यात पाकिटं टेबलाच्या खणात महिनोन्महिने पडून राहणार, तिथे अशी फिल्म काय कामाची? दमट हवा हात खाते असा आमचा अंदाज आहे, म्हणून प्रत्येक पाकिटात ओल शोषणाऱ्या पांढऱ्या दाण्यांची पुडी घातली आहे.

आता साध्या घरात फिल्म कशी टिकते ते बघायचं आहे. सात घरं निवडली, त्यात तुझं एक. कारण तू रोजच्या वहीत जे लिहितेस ते खरं असतं, दूध नासलं तरी लिहितेस. दर आठ दिवसांनी एक पाकीट परत पाठव. कुठे ठेवलं होतं, हवा कशी होती, तेवढं लिही. बारा टपालाची पाकिटं सोबत आहेत. २० एप्रिलला मला अहवाल द्यायचा आहे. तोवर काही मार्ग निघाला नाही तर बाई हे काम बंद करणार, आणि मला बिस्किटांच्या पुड्यांवरच्या कागदाकडे पाठवणार. स्पष्टच बोलल्या.

दादाला यातलं काही सांगू नकोस. जखमेची पट्टी आणि मी, या दोन गोष्टी त्याच्यासमोर एकत्र काढायच्या नाहीत.

तुझी,
नणंद

१५ जानेवारी

वन्सं,

अनेक आशीर्वाद. खोकं मिळालं. हे दुकानात होते म्हणून बरं. चार पाकिटं शिवणाच्या डब्यात, चार स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर आणि चार देवाच्या पेटीत ठेवली आहेत. देवाच्या पेटीतली जास्त टिकली तर अहवालात तसं लिहा, तुमच्या बाई काय म्हणतील ते म्हणोत.

वहीत वेगळं पान घातलं आहे, त्याची नक्कल दर पाकिटाबरोबर धाडीन. सकाळी, दुपारी, संध्याकाळी अशी तीनदा हवा लिहिते. सध्या कोरडी थंडी आहे, ओठ फुटतात. दुपारी ऊन चांगलं तापतं.

हे बरे आहेत. पुस्तकं बांधायला येणारी माणसं कमी झाली, तरी रोज सकाळी खळ शिजवतातच. कालच दोन माणसं जुने शब्दकोश घेऊन आली होती. एक जण म्हणाला, तारेची टोचणी मारा, स्वस्तात होईल. यांनी त्याला शब्दकोश परत दिला आणि म्हणाले, मग दुकानात कशाला आलात, घरी टाचणी नाही का? तो बिचारा निमूट शिलाईचे पैसे देऊन गेला.

तुमचं पत्र आलं की हे विचारत नाहीत आणि माझं पत्र टपालात टाकायला दिलं तर नाही म्हणत नाहीत. पत्त्याची बाजू खाली करून खिशात ठेवतात. अकरा वर्षं हेच चाललंय.  रोज प्रार्थनेत मात्र दोघांचं नाव एका श्वासात घेते, देवाला तरी तुम्ही वेगळे वाटायला नकोत.

तुमची,
वहिनी

५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझी पहिली दोन पाकिटं तपासली. एक फिकट, दुसरं त्याहून फिकट. साती घरांचं तेच आहे. स्वयंपाकघरात ठेवा नाही तर कपाटात, रंग धुऊन जातोच. माझ्या शेजारी बसणारी सहकारी म्हणते, दाण्यांची पुडी दुप्पट करू, आणखी कोरडं ठेवू. दुसरं काही सुचत नाही म्हणून मीही हो म्हटलं.

फिल्म एका बाजूनेच तयार केलेली असल्यामुळे सुकली की वळते. पाकीट उघडलं की सुकलेल्या पानासारखी गुंडाळी बाहेर येते. रोज ती गुंडाळी बोटांनी उलगडताना मला वाटतं, ही मुद्दाम पाठ फिरवून बसली आहे.

बाईंनी काल बिस्किटांच्या विभागातली खुर्ची दाखवली. खिडकीजवळची आहे म्हणाल्या.

तुझी वही मात्र सगळ्या प्रयोगशाळेत गाजते आहे. "दुपारी हवा अशी की पापड न तळता मोडेल," हे वाक्य बाईंनी दोनदा वाचलं.

तुझी,
नणंद

१३ फेब्रुवारी

वन्सं,

आशीर्वाद. चौथं पाकीट धाडलं आहे. तुम्ही दिलेली टपालाची पाकिटं फार चांगली आहेत, तीन वापरली तेव्हाच जीव हळहळला. उरलेली नऊ ठेवून दिली आहेत, कधी लग्नकार्याला उपयोगी पडतील. आता जुन्या कॅलेंडरच्या पानांची मीच शिवते, म्हणजे घडी घालून भाताच्या शितांनी चिकटवते. जातं नीट. यांनी हातात घेतलं तेव्हा उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, पुस्तकं बांधणाऱ्याच्या घरातून हे बाहेर जाणार? मी म्हटलं, चिकटल्याशी कारण. मग तसंच खिशात घातलं.

खुर्चीचं मनाला लावून घेऊ नका. खिडकी कुठलीही वाईट नसते.

ती पांढऱ्या दाण्यांची पुडी मिठाच्या बरणीत टाकली तर मीठ मोकळं राहील का हो? सहज विचारते. तुमचं काम झाल्यावर.

तुमची,
वहिनी

४ मार्च

प्रिय वहिनी,

घाईत लिहिते आहे. तुझं चौथं, पाचवं आणि सहावं पाकीट तपासलं. तिन्ही केशरी. ताज्या फिल्मसारखी नाहीत, पण जवळजवळ. बाकीच्या सहा घरांतली सगळी पाण्यासारखी. मी तीनदा धुतली, रंग जाईना. आनंदाने मला बसवेना.

मग नीट बघितलं. तिन्ही फिल्म सपाट आहेत, पुस्तकाच्या पानासारख्या. आणि दाण्यांची पुडी एकाही पाकिटात नाही.

वहिनी, तू दाणे मिठात टाकलेस का? टाकलेस तर टाकलेस, पण वहीत लिहायला हवं होतंस. तुझ्या वहीत "पाकीट जसंच्या तसं पाठवलं" असं आहे. फिल्म तू पुसलीस, धुतलीस, इस्त्री केलीस, काय केलंस? जे वहीत नाही ते मला अहवालात लिहिता येत नाही. चार वर्षांत पहिल्यांदा काहीतरी हाताला लागलं आणि ते कसं झालं ते कुणाला माहीत नाही. बाईंना मी काय सांगू? खरं तेवढं कळव.

नणंद

१० मार्च

वन्सं,

आशीर्वाद.

पुड्या मी काढल्या नाहीत. मीठ ओलं झालं तर मी तव्यावर भाजून घेते, आजवर तसंच केलं. विचारलं होतं, केलं नाही. फिल्मला मी बोटही लावलेलं नाही. पाकीट जागेवरून उचलायचं, टपालाच्या पाकिटात घालायचं, शीत लावायचं, एवढंच. वहीत लिहिलं ते तसंच घडलं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही दहावीत होता. सासूबाईंनी घरखर्चाची वही माझ्या हाती दिली तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, वहिनीचं अक्षर वाकडं आहे पण बेरीज सरळ असते. ते मी आजही विसरलेले नाही. म्हणून तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग देवाच्या पेटीत ठेवलं, निदान तो तरी वाचेल.

सातवं पाकीट वाटेवर असेल, आठवंही दोन-तीन दिवसांत निघेल. त्यातही काही वेगळं निघालं तर मला विचारू नका, मला ठाऊक नाही.

वहिनी

१७ मार्च

माझी वहिनी,

चुकले. तुझ्या वहीवर शंका घेतली, ते माझ्याकडून कसं झालं कळत नाही. माझं पत्र पेटीतून काढून चुलीत टाक.

सातवं, आठवंही केशरी. या वेळी मी फिल्म बघायच्या आधी टपालाचं पाकीट बघितलं. तू म्हणतेस शितांनी चिकटवलं. शितांचे फुगवटे दिसतातच, पण त्यांच्यावरून एक सरळ, कागदासारखा पातळ थर फिरवलेला आहे. कडेला फिकट हिरवी रेघ. वास घेतला. वहिनी, ती खळ आहे. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून ती इतकी पातळ ओढणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. लहानपणी मी त्याच्या टेबलाला चिकटून बसायचे आणि तो मला डिंकी म्हणायचा.

दादा तुझी पाकिटं वाफेवर सोडवून पुन्हा चिकटवतो. आणि मधल्या वेळात माझ्या फिल्मला काहीतरी करतो.

काय करतो ते मला अर्धंच कळलं. माझी जुनी फिल्म मी आधी रात्रभर पाण्यात ठेवली, मग केशरी रंगात बुडवली. थोडा रंग आला, डागाडागांनी, कडा सोलल्या. पण आला. म्हणजे हात तुटलेलेच नव्हते. कोरड्या हवेत ते आत वळून बसले होते, ओल मिळाली की बाहेर येतात. आम्ही दाणे घालून त्यांना आणखी आत ढकलत होतो. चार वर्षं मी उलट्या दिशेने चालत होते.

पण पाण्यात बुडवून काम होत नाही. दादाची फिल्म कडेपासून कडेपर्यंत सारखी केशरी होते. किती ओल, किती वेळ, कशाखाली, ते त्याच्याकडूनच कळायला हवं. २० एप्रिल जवळ आला. तू त्याला विचारशील?

तुझी,
नणंद

२५ मार्च

वन्सं,

आशीर्वाद. तुमचं आधीचं पत्र चुलीत घातलं, राग त्यातच गेला.

यांना विचारलं. जेवताना विचारलं, कारण तेव्हा उठून जाता येत नाही. म्हटलं, माझ्या टपालाच्या पाकिटांना तुम्ही खळ लावता का? म्हणाले, लावतो. शीत वाळलं की सुटतं, वाटेत उघडलं असतं. मी म्हटलं, आणि आतल्या वस्तूला? तर म्हणाले, मी कुणाच्या कामाला हात लावत नाही. मग भाजीला मीठ कमी आहे म्हणाले. भाजीला मीठ बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने दुकानात गेले. दाबाच्या यंत्राशेजारी दोरीवर दोन टिपकागद वाळत होते, तळहाताएवढे कापलेले. एवढं लहान पुस्तक त्यांच्याकडे कुणाचं आलेलं नाही. मी त्या कागदांकडे बघते आहे हे यांनी बघितलं आणि माझ्याकडे पाठ करून सुईत दोरा ओवत बसले. दोरा ओवलेलाच होता.

वन्सं, मी नवऱ्याला ओळखते. त्यांना सांगायचं नाही असं नाही. सांगायला सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. त्या दिवशी सासूबाईंच्या खोलीत चार माणसांसमोर तुम्ही बोललात, तेव्हाही असंच. ओली पट्टी घडी करून ताटलीत ठेवली आणि दुकानात गेले. मला वाटतं ते अजून तिथूनच परत आलेले नाहीत.

यापुढचं तुम्हालाच करायला हवं. मी पाकीट चिकटवून देईन, फार तर.

तुमची,
वहिनी

२९ मार्च

प्रिय वहिनी,

बरोबर बोललीस. सोबत घडी केलेला कागद आहे, वर "दादा" लिहिलंय. तो त्याच्या हातात देऊ नकोस, दिलास तर न वाचता खणात ठेवील. अकराव्या फिल्मबरोबर तो माझ्या पत्त्याच्या पाकिटात घाल. भरपूर शितं लाव, जमेल तितकं वाकडं चिकटव, आणि टपालात टाकायला त्याच्याकडे दे. तसं पाकीट तो घराबाहेर जाऊ देणार नाही.

तुझी,
नणंद

*

दादा,

अकरा वर्षांपूर्वी मी आईच्या खोलीत म्हटलं, तू ओली पट्टी ठेवून आईची जखम सडवलीस. तेव्हा मी नुकती शिकून आले होते आणि मला सगळं येत होतं.

नंतर मी जखमांच्याच कामात पडले. दुसऱ्याच वर्षी वाचलं की अशी जखम कोरडी पडू द्यायची नसते, बेताची ओल राखायची असते. तू दोन वर्षं दिवसातून दोनदा तेच करत होतास. आईच्या पायापर्यंत रक्तच पोचत नव्हतं, ती जखम कुणाच्याही हातून भरली नसती. तुझ्या हातामुळे तिला दुखलं कमी. हे मला नऊ वर्षं माहीत आहे. नऊ वर्षं मी लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मी काय बोलले ते पुन्हा वाचावं लागलं असतं. मला भीती वाटत होती.

आता तू माझ्या फिल्मला पुन्हा तेच केलंस. मी कोरडं करत होते, तू ओल दिलीस.

फिल्मचं सांग नाही तर सांगू नकोस. ते विचारायला हे लिहीत नाही. तशी फिल्म मी आणखी चार वर्षं शोधत बसेन, बिस्किटांच्या पुड्या करता करता. पण ती ओली पट्टी तुझी बरोबर होती, एवढं तुला माझ्या अक्षरात मिळायला हवं.

डिंकी

६ एप्रिल

डिंके,

कागद मिळाला. तुझी वहिनी मुद्दाम वाकडं चिकटवते हे मला पाकीट हातात घेतल्या घेतल्या कळलं. इतकं वाईट तिलासुद्धा जमत नाही.

आधीची पत्रं मी वाचलेली नाहीत. फक्त चिकटवली. चौथ्या खेपेला पाकीट सुटलं होतं, आतलं चपटं पाकीटही उघडून वस्तू खाली पडली. गुंडाळी झालेली. वळलेलं पान मी आजवर तसं कुणाला दिलेलं नाही, म्हणून सरळ करून घातलं, आणि पुढच्या खेपांनाही पाकीट सोडवून तेच केलं. दाण्यांची पुडी जाड होती, टपालाचा शिक्का बसताना फुटली असती आणि वस्तूवर चरे पडले असते. म्हणून काढली. सगळ्या पुड्या डब्यात जपून ठेवल्या आहेत.

कामाचं असं.

दोन टिपकागद घ्यायचे, पांढरे, शाई न लागलेले. कोमट पाण्यात बुडवून पिळायचे आणि गालाला लावून बघायचे. गार लागला पाहिजे, गाल ओला होता कामा नये. तुमच्याकडे यासाठी काही यंत्र असेल, मला गालाचंच ठाऊक. वस्तू मधे ठेवायची, वरखाली गुळगुळीत फळी, वर कागदात गुंडाळलेली एक वीट. दाबाच्या यंत्रात घालू नये, ओल पिळून निघते. एकदा घातलं होतं, सहाव्या खेपेला, तेव्हा लवकर काढलं. ती जरा फिकी आली असेल तर म्हणून सांगतो. सकाळी दुकान उघडताना घालून दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना काढायची. उन्हाला, वाऱ्याला दाखवायची नाही. लगेच पाकिटात.

माझं मत विचारलेलं नाहीस, तरी सांगतो. दाण्यांऐवजी पाकिटात गालाला गार लागेल एवढ्या टिपकागदाचा तुकडाच घालून पाकीट बंद कर. मग वळायचा प्रश्नच नाही. बुरशी धरेल, त्यावर काय घालायचं ते तू बघ. मोरचूद घालू नकोस, तो पुस्तकाला चालतो, माणसाच्या जखमेला नाही.

आईबद्दलचा तुझा कागद तीनदा वाचला. तू बोललीस तेव्हा मला वाटलं होतं की तुझंच बरोबर असेल, तू शिकलेली. त्यामुळे राग नव्हता. मीच आईला मारलं असं धरून चाललो होतो. हे मी तुझ्या वहिनीलाही सांगितलेलं नाही. आज सांगितलं. तिने ऐकून घेतलं, देवापुढे बसली, आणि मग म्हणाली की भाजीत त्या दिवशीही मीठ बरोबर होतं.

अकरावी फिल्म सोबत आहे, नेहमीसारखी. वर दिलेलं सगळं तुझ्या बाईंना दाखव. माझं नाव घालायचं नाही, फार तर "एक पुस्तक बांधणारा" असं लिही.

बारावं पाकीट पाठवत नाही. ते इथे टेबलावर टिपकागदात ठेवलंय, रोज सकाळी कागद बदलतो. अहवाल झाला की येऊन घेऊन जा.

दादा